येळवंडे सर्व्हरपाशी बसायचे

मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना अंगात बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालून स्कूटरवर बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या तळवड्याच्या ऑफिसातून येळवंडे असे निघाले, की खालचा चहावाला विचारायचा, "आज कुठली कंपनी अडली?" स्वेटर चढला म्हणजे चाकणमध्ये कुठेतरी सर्व्हर रुसला, हे त्यालाही कळायला लागलं होतं. सर्व्हरच्या खोलीत हुडहुडी भरेल असा एसी असतो आणि येळवंडेंना तिथे तासन्‌तास बसायचं असायचं.

आमची कंपनी लहानशीच. चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे जे कारखाने आहेत, त्यांच्यासाठी आम्ही वेबवर चालणारा एक प्रोग्रॅम केला होता. ट्रकमध्ये माल भरला की कारखान्यातला माणूस संगणकावर माहिती भरणार, चलन आणि बारकोडची चिठ्ठी छापून निघणार, मग ट्रक गेटबाहेर पडणार. चिठ्ठी नाही तर ट्रक नाही. आणि प्रोग्रॅम बिघडला, की पडद्यावर एकच गोड वाक्य यायचं: क्षमस्व, काहीतरी चुकलं आहे, कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

या वाक्यावर येळवंडेंचा भारी राग. "काहीतरी म्हंजी कोन? त्याला नावगाव हाय का न्हाई?" ते विचारायचे. ऑफिसात कुणी "सर, जरा प्रॉब्लेम झालाय" म्हणालं तरी त्यांचा चेहरा कडू व्हायचा. प्रॉब्लेम कुठला, कुठे, त्याच्या आधी काय केलं होतंस, हे सांगितल्याशिवाय ते मान वर करायचे नाहीत. मी तिथे टेस्टर म्हणून लागले, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून दाखवायचं काम. माहेरी या कामाचा मला भरपूर सराव होता. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना जाऊन म्हणाले, "ते पान उघडत नाहीये." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पान उघडत न्हाई, का उघडतंय आन कोरं दिसतंय, का क्षमस्व म्हनतंय? तीन येगळी दुखनी हायेत, अश्विनीबाई." मला तेव्हा त्यांचा संताप आला होता.

मग त्यांनी मला बरोबर नेलं. कारखान्यातल्या त्या गारठ्यात एका मोडक्या खुर्चीवर स्वतःची घरून आणलेली उशी टाकून ते बसले. आमच्या ऑफिसात जो पत्ता टाकला की नुसतं क्षमस्व दिसत होतं, तोच पत्ता त्यांनी खुद्द सर्व्हरच्या पडद्यावर उघडला. पिवळसर पान आलं आणि त्यावर सगळं लिहिलेलं होतं: कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत, काय सापडलं नाही.

"बगा, हितं कसा घडाघडा बोलाय लागला," येळवंडे म्हणाले. "सर्व्हरला समदं ठाऊक असतंय. लांबच्याला सांगत न्हाई. जो जवळ येऊन बसंल त्यालाच सांगतो."

"मग लांबच्यालाही दिसेल असं करता येत नाही?"

"येतंय की. सेटिंगमधला एक शब्द बदलला की झालं. पन मंग आख्ख्या जगाला दिसंल. कोडबी दिसंल, एकांदा पासवर्डबी दिसंल. आपल्या घरातलं आपन चावडीवर कशापायी न्यायचं? त्यापरीस आपन जावं, जवळ बसावं."

दुरूनही सर्व्हरच्या नोंदी वाचता येतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. निम्म्या कारखान्यांनी बाहेरून आत शिरायची वाटच बंद ठेवलेली होती, हे खरं. पण उरलेल्या निम्म्यांत येळवंडेंना जायची हौस होती, हेही तितकंच खरं. वाटेत त्यांची एक मिसळीची गाडी ठरलेली होती. मॅनेजर निखिल सरांचा फोन आला की तोंडातला पाव गिळून ते सांगायचे, "गेटवरच हाय, शिक्युरिटी आत सोडंना." खरं बोलण्याचा आग्रह फक्त सर्व्हरपुरता होता. केसांना कलप लावायचे आणि तो लावत नाही म्हणून शपथ घ्यायचे. इंग्रजी ईमेल लिहायची वेळ आली की त्यांना हटकून पाठदुखी व्हायची, आणि ते ईमेल मी लिहायचे.

त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, मी आधी ओळखलं ते आवाजावरून. दुपारी ऑफिसच्या फोनवर त्या विचारायच्या, "आमचं येडं पोचलं का?" येळवंडे घरी काही सांगून निघायचेच नाहीत. वहिनी त्यांच्या डब्यात आम्हा सगळ्यांना पुरेल इतका ठेचा आणि भाकऱ्या द्यायच्या, आणि त्या डब्यावर आम्ही अक्षरशः तुटून पडायचो. एकदा त्या ऑफिसच्या गणपतीला आल्या होत्या. येळवंडे कुणाला तरी सर्व्हरची महती सांगत होते. वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "त्या मशिनीच्या शेजारी दिस-दिस बसत्यात. माज्या शेजारी बसलं की ह्यांना लगीच कुटंतरी जायचं आठवतंय." म्हणाल्या हसत, पण माझा हात जरा घट्ट धरून.

चाकणच्या कारखान्यांतल्या क्लार्क लोकांची एक सवय होती. फोन करून सांगायचे, "सर, चालंना." बस्स, पुढे काही नाही. त्यांतला सगळ्यांत तरबेज बालाजी. लातूरकडचा, डिस्पॅचला होता, तिशीचा, दोन पोरांचा बाप. येळवंडे त्याला विचारायचे, "पडद्यावर काय लिवलंय?" तो म्हणायचा, "लई लिहिलंय बघा सर, इंग्रजीत हाय." शेवटी येळवंडेंनी तोडगा काढला. सगळ्या कारखान्यांच्या क्लार्क लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप केला, त्याला नाव दिलं 'गाडी अडली', आणि हुकूम सोडला: बोलू नका, वाचू नका, पडद्याचा फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. स्वतः कारखान्या-कारखान्यांत जाऊन त्यांनी हे शिकवलं. फोटो कसा सरळ धरायचा, ट्यूबलाइटची तिरीप कशी टाळायची, सगळं.

बालाजी तर असा पेटला, की पडद्यावर पाल बसली तरी फोटो यायचा. येळवंडेंनी त्या पालीवर उत्तर दिलं होतं, "ही आपल्या शिस्टममधली न्हाई. झाडूनं हाकला." ग्रुप वाढत गेला. एका कारखान्याने दुसऱ्याला जोडलं, कुणी ट्रान्सपोर्टवाल्यांना आत घेतलं, कुणी नोकरी सोडून गेलं तरी ग्रुपवर राहिलं. त्यात कोण कोण आहे हे शेवटी शेवटी कुणालाच सांगता आलं नसतं.

मधल्या काळात आमच्या वरच्या लोकांना वाटलं, की ते क्षमस्वचं पान फार रुक्ष दिसतं. म्हणून त्यावर डोकं खाजवत हसणाऱ्या रोबोचं एक चित्र टाकायचं ठरलं. मीटिंगमध्ये सगळ्यांना ते गोंडस वाटलं. येळवंडे उभे राहिले. "तिकडं ड्रायव्हर सकाळपासनं गेटवर उपाशी हुबा हाय, आन आपन त्याला हसतं बाहुलं दाखवायचं? त्याच्या जागी मी असतो तर दगड घातला असता पडद्यात." कुणी ऐकलं नाही. रोबो आला. येळवंडे पुढे कित्येक दिवस त्याला नावं ठेवत होते.

मग वहिनींच्या पोटात गाठ निघाली. येळवंडेंनी हे ऑफिसात जसंच्या तसं सांगितलं. कुठे आहे, केवढी आहे, डॉक्टर काय म्हणाले, कुठलं औषध किती दिवसांनी देणार. बाकीचे लोक अशा वेळी "घरी जरा बरं नाही" म्हणतात. येळवंडेंनी आजाराचं नाव घेतलं आणि ऐकणाऱ्यांनाच खाली बघावंसं झालं. औषधोपचार चिंचवडच्या एका दवाखान्यात कंपनीच्या विम्यावर चालले होते. ज्या दिवशी वहिनींना सलाईन लागायचं, त्या दिवशी सकाळी ते त्यांना सोडून चाकणला जायचे आणि संध्याकाळी आणायला जायचे. वहिनीच म्हणायच्या, "तुमी जा. हितं बसून काय माजी बाटली पळनार हाय का?"

एकदा ते जायला निघाले आणि वहिनींनी नेहमीसारखं "जा" म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही, नुसतं पाहिलं. हे मला येळवंडेंनीच पुढे सांगितलं. ते परत फिरले आणि कॉटशेजारच्या स्टुलावर बसले.

त्याच दुपारी बालाजीचा फोन आला. चलन निघत नव्हतं, गेटवर ट्रकची रांग लागली होती, पुढच्या मोठ्या कंपनीत माल वेळेवर पोचला नाही तर तिथली लाइन थांबणार होती. निखिल सर फोनवर फोन करत होते. येळवंडे नेहमी जसे स्वेटर चढवून निघायचे तसे निघाले नाहीत. बालाजीला म्हणाले, "मी आज येत न्हाई. तू सर्व्हरच्या खोलीत जा. मी सांगतो ती फाइल उघड." एक एक अक्षर सांगून त्यांनी त्याच्याकडून सेटिंगमधला तो शब्द बदलून घेतला. मग दवाखान्यात, बायकोच्या उशाशी बसून, स्वतःच्या मोबाइलवर त्यांनी ते पिवळं पान उघडलं. दोष साधाच होता. जुन्या चिठ्ठ्या साठून साठून डिस्क भरली होती, नवीन लिहायला जागा उरली नव्हती. बालाजीने सांगितल्याप्रमाणे जुन्या फाइली पुसल्या आणि ट्रक हलले.

"आता त्यो शब्द परत पयल्यासारका कर," एवढंच सांगायचं राहिलं होतं. तेवढ्यात वहिनींना थंडी वाजून आली, अंग थडथड उडायला लागलं, नर्स धावल्या, डॉक्टरांनी येळवंडेंना आत बोलावलं. येळवंडेंनी फोन खिशात टाकला आणि ते विसरले. मला विचाराल तर, त्या वेळी ज्याला सर्व्हर आठवेल तो माणूस कसला?

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच कारखान्यात प्रोग्रॅमचा डेटाबेसशी संबंध तुटला. हा वेगळाच दोष होता. या वेळी हसरा रोबो आला नाही, पिवळं पान आलं, आणि त्यात कोडच्या चार ओळी होत्या. फार जुनं कोड होतं ते, कुणीतरी घाईत पासवर्ड सरळ त्यातच लिहून ठेवलेला. पडद्यावर तो स्पष्ट, मोठ्या अक्षरांत दिसत होता. बालाजीने शिकवल्याप्रमाणे मोबाइल सरळ धरला, ट्यूबलाइटची तिरीप टाळली, सुंदर फोटो काढला आणि 'गाडी अडली'वर टाकला.

निस्तरायला किती धावपळ झाली ते सांगत नाही. पासवर्ड बदलला, प्रोग्रॅम बंद ठेवावा लागला, त्या कारखान्याचे साहेब आमच्याकडे येऊन टेबल वाजवून गेले. त्यांना कुणाचं तरी नाव हवं होतं. बालाजीने फाइल बदलली होती, फोटोही त्यानेच टाकला होता. येळवंडेंनी नुसतं गप्प बसायचं ठरवलं असतं तरी सगळं त्याच्यावर ढकललं गेलं असतं. ते गप्प बसले नाहीत. "शब्द मी बदलाय लावला. परत करायला सांगायचं मी इसरलो. फोटो काढायचं मीच शिकवलं." झालं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा निरोप समारंभ ठेवला गेला.

नोकरी गेली की विमाही जाणार आणि वहिनींचे उपचार अर्ध्यावर आहेत, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरीही केक आणला होता. मला तो केक अजून डोळ्यांसमोर दिसतो आणि अजून चीड येते. निखिल सर भाषणाला उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. म्हणाले, "येळवंडे सर काही वैयक्तिक कारणांमुळे आपल्यातून जात आहेत."

"थांबा," येळवंडे म्हणाले. "वैयक्तिक कारन म्हंजी कंचं?"

"सर, तुमच्या मानासाठीच..."

"मान ऱ्हाऊ द्या. नेमकं सांगा की. तुमाला जमत न्हाई तर मी सांगतो." ते आमच्याकडे वळले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माज्या हातनं सेटिंग उघडं ऱ्हायलं. मी बायकोपाशी बसलो व्हतो. ती फुडं जगंल का न्हाई म्हाईत न्हाई. पुन्यांदा तसंच झालं तर मी पुन्यांदा तिच्यापाशीच बसनार. म्हनून मला काढलंय. हे बराबर हाय का चूक, ते तुमी ठरवा. पन कारन हे हाय."

कुणाला केक कापायचं सुचलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मी अधूनमधून त्यांच्या गावी जायचे. भामा नदीच्या काठाला, चाकणहून जरा आत त्यांचं घर. विमा गेल्यावर वहिनींना सरकारी दवाखान्यात नेत होते. तिथल्या डॉक्टरांनी मनापासून केलं, खोटं कशाला बोलू, पण मधे जो खंड पडायचा तो पडला होता. तो पडला नसता तरी काही फरक झाला नसता, असं डॉक्टर म्हणाले. येळवंडेंनी ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि दुसऱ्या डॉक्टरांना जाऊन पुन्हा तेच विचारलं.

वहिनी मात्र त्या दिवसांत खुशीत होत्या, हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही. हाडांचा सापळा उरला होता, पण जीभ शाबूत होती. मला म्हणायच्या, "न्हवरा घरात सापडला बाई एकदाचा. आता ह्यांनाच धाडते कुटंतरी, लई डोस्कं खात्यात." येळवंडे बाजेशेजारी जमिनीवर उशी टाकून बसलेले असायचे. सारखं विचारायचे, "दुखतंय का? कुटं दुखतंय? सकाळधरनं दुखतंय का आता जेवल्यावर?" वहिनी डोळे मिटून घ्यायच्या. शेवटच्या दिवसांत त्यांचं बोलणं थांबलं. येळवंडेंचं विचारणं थांबलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते वहिनींच्या दहाव्याला. त्यानंतर घर बंद करून ते लेकीकडे नगरला राहायला गेले, फोनही बदलला.

आमच्या भागात दहाव्याला नदीच्या घाटावर सगळा गाव जमतो. माइक लावलेला असतो, प्रवचन होतं, चार पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. ते सगळं झालं. पिंड मांडले, नैवेद्य ठेवला, आणि माणसं मागे सरकून कावळ्याची वाट पाहायला लागली. समोरच्या चिंचेवर भरपूर कावळे होते. पण येळवंडे मागे सरले नाहीत. एका म्हाताऱ्याने दंडाला धरून त्यांना उठवलं. ते उठले आणि परत पिंडाशेजारी जाऊन, मांडी घालून बसले. म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा त्यांना हात लावला नाही.

कावळा उतरेना. मग रीतीप्रमाणे एक एक जण पुढे येऊन हात जोडायला लागला. मेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखायचं, ते पुरं करू म्हणून वचन द्यायचं, की कावळा शिवतो. लेक म्हणाली, "आई, बाबांना मी एकटं पडू देनार न्हाई." वहिनींचा भाऊ म्हणाला, "आक्का, वरच्या खोलीचं काम मी पुरं करतो." बालाजी चाकणहून आला होता. तो तर गुडघ्यांवरच बसला. "वहिनी, समदं माझ्यामुळं झालं, मला माफ करा." येळवंडेंनी मागे न बघता त्याच्याकडे हात केला आणि म्हणाले, "तुजं काय चुकलं न्हाई. ते कारन न्हाई."

मग ते स्वतः वाकले. आवाज बारीक करून, जसं आजारी माणसाशी बोलतात तसं म्हणाले, "सुमन, नेमकं काय ऱ्हायलंय ते सांग. मी हितंच हाय. उठत न्हाई."

ऊन चढायला लागलं. चिंचेवरचा एक कावळा खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि पुन्हा वर जाऊन बसला. येळवंडेंनी वळून आमच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, कपाळाला त्या आठ्या, ज्या मी कारखान्यात हजारदा पाहिल्या होत्या. "काय चुकतंय?" त्यांनी विचारलं. "कुनाला म्हाईत असंल तर सांगा की."

ते थोडे लांब गेले असते तर कावळा लगेच उतरला असता. हे घाटावरच्या बायांना, बाप्यांना, त्यांच्या लेकीला, मला, सगळ्यांना दिसत होतं. एवढ्या माणसांतलं कुणीही बोललं नाही. लेकीने पदर तोंडाला लावला, आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.